चौकट

॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
दि. २० ऑक्टोबर २०२४

चि. वामनभाऊजी यांस,
अ. उ. आ. वि. वि.

सहा वर्षांनी या घरचं पाकीट बघून तुम्ही ते न फोडताच बाजूला ठेवाल, म्हणून वर मुद्दाम माझं नाव ठळक लिहिलंय. फोन तुम्ही उचलत नाही. आणि उचललात तरी बोलू कशी? हे शेजारच्याच खोलीत असतात. यांना ऐकू येतं, समजतंही बरंचसं. बोलता मात्र येत नाही.

ऑगस्टात यांना लकवा मारला हे तुमच्या कानावर आलंच असेल. डावी बाजू शाबूत आहे. उजवा हात गेला, लिहिणं गेलं आणि वाचा गेली. म्हणजे पुरती गेली असंही नाही. 'पाणी' हा शब्द गेला, 'भात' गेला, माझं नाव गेलं. राहिले ते पत्त्यांचे शब्द! डॉक्टर म्हणाले की माणूस जन्मभर जे घोकतो ते मेंदूत भलतीकडेच जाऊन बसतं. कुणाचे पाढे राहतात, कुणाच्या शिव्या. यांचा पत्त्यांचा कॅट राहिला. हे ऐकून मला आधी हसू फुटलं आणि मग मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले.

तुम्हाला काय सांगायचं, यांचं बोलणं पहिल्यापासून तसंच. मला पसंत केलं तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं म्हणे, की पानं न बघताच चाल खेळलो. झोपायला निघाले की 'पास'. बर्डीच्या बाजारात भाजीवाल्याने भाव चढा सांगितला की तो ब्लाइंड खेळतोय. सासूबाई गेल्या तेव्हा घाटावरून येऊन म्हणाले, डाव उठला. चाळीस वर्षं मी या भाषेवर वैतागले, आणि आता तीच कान देऊन ऐकते. 'उतारी' म्हणजे जेवायला वाढ. 'पिसा' म्हणजे कुशीवर वळवा. दिवसभरासाठी सत्यवती म्हणून बाई ठेवलीय, तुमच्या मौद्याकडचीच. पहिल्या दिवशी घाबरून तिने मला विचारलं, की साहेब सकाळपासून काहून जुगार खेळून राहिले. आता पक्की झालीय. परवा विचारत होती, बाई, साहेबांले पिसू का.

पण एक शब्द आहे, त्यासाठी हे पत्र. कपाटावर आपल्या वैदेहीचा फोटो आहे. त्याच्याकडे बघून हे 'जोकर' म्हणतात आणि ढसाढसा रडतात.

तो दिवस तुम्ही विसरला नाहीत, मीही नाही. वर्ध्याची मंडळी वैदेहीला पसंत करून आमच्याच बैठकीत पोहे खात होती. मुलाच्या मावशीने विचारलं, की मुलाची सारखी बदली, घरात आजेसासू, मुलगी जमवून घेईल ना? यांनी छाती फुगवून सांगितलं, की आमची वैदेही म्हणजे जोकर, कुठल्याही पानांत घाला, रमी लागलीच म्हणून समजा. यांच्या लेखी याहून मोठं कौतुक नव्हतं हो. पण मावशींनी जन्मात रमी खेळली नव्हती. आम्ही सून बघायला आलो, विदूषक नाही, असं म्हणून त्या उठल्या आणि त्यांच्यामागे सगळे उठले.

आम्हाला मूल नाही. तुमची लेक यांच्या खांद्यावर वाढली. भाऊजी, तिला एकदा पाठवा. दुसरा झटका येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, येणार नाही असंही म्हणत नाहीत. यांना तिला काहीतरी सांगायचंय.

पूर्वी जो लोभ होता त्यातलाच थोडा उरला असेल तर तो पुरे, नवा मागत नाही.

तुमची वहिनी,
अरुंधती


मौदा
दि. २९ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. दोनदा वाचलं. दादाचं मला ऑगस्टातच कळलं होतं. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आलोही होतो. आत आलो नाही, हे खरं लिहितो.

जोकर हे मोठं पान आहे, हे मला कबूल. दादाचा भिडू होतो मी, मला पत्ते शिकवू नका. आणि उपमेचीही मला चीड नाही. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला. पण उपमा देणाऱ्याने समोरचा माणूस तोच खेळ खेळतो का, हे आधी बघावं. सध्या निवडणुकीमुळे वर्तमानपत्र हातात धरवत नाही. ज्याच्या त्याच्याकडे हुकमाचा एक्का. अहो, एका कॅटात हुकमाचा एक्का एकच असतो! कोणी पत्ते पिसतो, कोणी पत्ते झाकून ठेवतो, कोणाचा डाव कोणावर उलटतो, आणि लिहिणाऱ्याला साधी उतारी कशाशी खातात ते ठाऊक नाही. दादाचं तसं नव्हतं, तो खेळणारा होता. पण शेवटी झालं तेच. शब्द इतके वापरले, इतके वापरले, की त्यांचा अर्थ फक्त त्याच्या एकट्यापुरता उरला.

लग्न मोडलं याचं दुःख मला कधीच नव्हतं. जी माणसं एका शब्दावर उठतात ती पुढेही उठलीच असती. पण दादाने चुकलं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी तो महिनाभर एकेका नातेवाइकाला रमीचे नियम समजावत बसला. जितकं समजावलं तितकं ते पसरलं. भावंडांच्या ग्रुपवर पोरीचं नाव जोकर पडलं. आल्यागेल्यासमोर ती हसून साजरं करायची आणि आत जाऊन दार लावायची. मग पुण्याला नोकरी धरली. आता दिवाळीलाही पाहुण्यासारखी येते. तेव्हापासून माझ्या घरात पान म्हटलं की एक तर झाडाचं, नाहीतर खायचं.

मी तिच्याकडे शब्द टाकणार नाही. बापाने गळ घातली म्हणून ती येईल, आणि मला ती तशी यायला नको. खाली तिचा पत्ता देतो. (पोस्टाचा.) लिहायचं तर तुम्ही लिहा.

दादाला माझा नमस्कार सांगू नका. अगदीच राहवलं नाही तर तो झोपलेला असताना सांगा.

आपला,
वामन


धरमपेठ, नागपूर
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. वामनभाऊजी यांस,
अ. उ. आ.

नमस्कार सांगितला. जागे असताना सांगितला. माझ्याकडून एवढी आज्ञाधारकता अपेक्षित असेल तर तुम्ही मला ओळखलंच नाही. 'भिडू' म्हणाले, आणि दाराकडे बघत राहिले. पुढचं तुम्हीच ठरवा.

आता खरी बातमी. बोलणं शिकवायला रजत नावाचा मुलगा येतो, हसतमुख आणि फार चिवट. त्याने पाणी, चहा, औषध अशी चित्रं यांच्यासमोर मांडली. कुठला शब्द आधी परत हवा ते दाखवा म्हणाला. यांनी डाव्या हाताने सगळी चित्रं खाली ढकलली आणि वैदेहीच्या फोटोकडे बोट केलं. मग मी एकेक विचारत गेले, हे मान हलवत गेले. तिचं नाव घ्यायचंय? नाही. ये म्हणायचंय? नाही. शेवटी मी विचारलं, की चुकलं म्हणायचंय का. भाऊजी, यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. रजतने सोडवेपर्यंत सोडलं नाही.

तेव्हापासून सकाळ झाली की तोच एक शब्द. 'च' निघतो अगदी खणखणीत. आम्ही सगळे यांच्या ओठांकडे बघत बसतो. आणि पुढे येतो 'चौकट'. पुन्हा करायचं, पुन्हा 'चौकट'. यांनाही कळतं की हे नव्हे. चिडून गादीवर हात आपटतात, घामाघूम होतात, आणि पुन्हा सुरू. रजत म्हणतो की जीभ सवयीच्या वाटेनेच जाते, दुसरी वाट पडायला महिने लागतील. सत्यवती मला हळूच म्हणाली, की बाई, साहेब हरून राहिले, पण उठून नाही राहिले.

वैदेहीला मी पत्र टाकलंय, की काकांपाशी पत्त्यांचेच शब्द उरलेत, तुला काहीतरी सांगायचंय त्यांना, भेटायला ये, एवढंच. काय सांगायचंय ते लिहिलं नाही, आणि तुम्हीही तिला सांगू नका. माफी यांची आहे, ती यांनाच मागू दे. मीच आधी सांगून टाकली तर यांच्यापाशी काय उरलं? माझ्या या हट्टाला एकदा सांभाळून घ्या.

लोभ वाढतोय असं वाटतं, तो उगाच लपवू नका.

तुमची वहिनी,
अरुंधती


पुणे
दि. २२ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. काकूस,
शि. सा. न.

हाताने लिहायची सवय मोडलीय, अक्षर सोसून घे. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणून मोकळी होते. लिहिताना तरी खरं बोलता येईल.

तुला वाटत असेल मी त्या स्थळासाठी अजून रडते. नाही गं. मुलाचा चेहराही आता नीट आठवत नाही. मला लागलं ते वेगळंच. काकांनी खरं तेच सांगितलं होतं. जोकर कुठेही बसतो, कारण त्याला स्वतःचा रंग नसतो. मी अशीच होते, काकू. बाबांसमोर बाबांसारखी, तुमच्याकडे तुमच्यासारखी. वैदेहीला स्वतःला कुठे बसायचंय हे त्या बैठकीत कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं.

काकांकडे प्रत्येक गोष्टीसाठी पान होतं. लहानपणी मला त्याची केवढी मजा वाटायची! मोठी झाल्यावर कळलं की ती त्यांची पळवाट आहे. जिथे दुसरा माणूस गप्प होतो किंवा रडतो, तिथे काका एक पान टाकतात, लोक हसतात आणि ते सुटतात. त्या दिवसानंतर मी किती तरी महिने त्यांच्या फोनची वाट बघितली. मला एक साधं वाक्य हवं होतं, पत्ते नसलेलं. सगळे शब्द शाबूत होते तेव्हा ते आलं नाही. आता तर फक्त पत्त्यांचेच शब्द उरलेत म्हणतेस. मग मी तिथे येऊन काय ऐकू?

इतकं लिहून पाकीट बंद केलं होतं. ते फोडून पुन्हा लिहितेय. आठ डिसेंबरला रविवारी सकाळी येते, संध्याकाळी परत निघेन. राहायचा आग्रह करू नकोस, आणि मला बघून रडू नकोस. काकांचा राग आहेच, पण ते गेले आणि मी आलेच नाही, असं मला नकोय.

थंडीत कोथिंबिरीच्या सांबारवड्या करत असशील तर चार जास्त कर.

तुझीच,
वैदेही


धरमपेठ, नागपूर
दि. ९ डिसेंबर २०२४

चि. वामनभाऊजी यांस,
अ. उ. आ.

झालं हो, झालं! घाईघाईने लिहितेय, अक्षर लावून घ्या.

वैदेही आली. वाळलीय, चष्मा लागलाय, पण चालणं तेच. मी तिला यांच्या खोलीत बसवलं आणि वड्या तळायचं निमित्त करून दार ओढून घेतलं. यांच्या आयुष्यातलं इतकं अवघड काम, तिथे मी कशाला उभी राहू? कढईपुढे उभी राहून मी देवाचं नाव घेत होते. थोड्या वेळाने आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. अगदी पूर्वीसारखा, खळखळून. मी सत्यवतीला बघायला पाठवलं. ती फटीतून बघून आली आणि म्हणाली, की ताई हसून राहिली, साहेबही हसून राहिले. माझ्या हातातला झारा खाली पडला.

मी तिला काही विचारलं नाही. जे त्या दोघांत झालं ते त्यांचं. जेवली, वड्या डब्यात भरून घेतल्या, यांच्या पाया पडली आणि निघाली. रात्री हे जेवले नाहीत. आनंदानेही माणूस दमतो. आज सकाळी रजत आला तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, सराव करायला तयारच नाहीत. मी रजतला हसून सांगितलं, की तुझा धडा पास झाला बाबा, आता नवा शब्द काढ.

आणि तुम्ही! पोरीला सोडायला आलात आणि फाटकाशी रिक्षात बसून राहिलात, ते मी खिडकीतून पाहिलंय. आता कारण उरलं नाही. या रविवारी चहाला या.

वाट पाहते. लोभ घेऊनच या.

तुमची वहिनी,
अरुंधती


पुणे
दि. २४ डिसेंबर २०२४

ती. काकूस,
शि. सा. न.

सवयीने 'सौ.' लिहिलं गेलं, म्हणून तो कागद फाडून दुसरा घेतला. एका अक्षराने इतकं तुटतं हे मला माहीत नव्हतं.

मी भेटून गेले आणि पाचव्या दिवशी काका गेले. इतक्या लवकर! डेंग्यूचा ताप होता, डॉक्टरांनी उठूच दिलं नाही, नाहीतर मी कशीही आले असते. बाबांनी अग्नी दिला हे कळलं. फोनवर ते एकच म्हणत होते, की रविवारी जाणार होतो, रविवारी जाणारच होतो. बाबांना इतकं रडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तू बाबांना सांगितलंस म्हणे, की माझ्या येण्याने काका सुखाने गेले. तसं असेल तर मला बरं वाटेल. पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही, म्हणून झालं ते लिहिते. मला बघताच काका काहीतरी बोलायला धडपडू लागले. पण तोंडून एकच निघे, 'चौकट'. पुन्हा पुन्हा 'चौकट'. माझ्या मनात आलं, शेवटपर्यंत पत्तेच! लहानपणी आम्ही बदाम सात खेळायचो ना, तशी मी म्हणाले, की काका, चौकट नाही माझ्याकडे, मी पास. आणि हसले. तेही हसले असं मला वाटलं, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांनी माझा हात घट्ट धरून पुन्हा तेच म्हटलं, मी पुन्हा पास म्हणाले. असं बराच वेळ चाललं. मग ते दमले आणि भिंतीकडे वळले.

माझा राग गेलाय, काकू. त्या हाताकडे बघून कुणाचा राग राहील? पण तुझ्या पत्रावरून वाटलं होतं की त्यांना मला काही सांगायचंय. एकदा, फक्त एकदा, पत्त्यांशिवाय काही बोलले असते तर मी ते जन्मभर जपून ठेवलं असतं. ते राहूनच गेलं.

तू जेवत जा. सत्यवतीला सोडू नकोस, ती घरात असू दे.

तुझीच,
वैदेही


धरमपेठ, नागपूर
दि. ५ जानेवारी २०२५

चि. वैदेहीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज लिहायला बसले आणि उठले. तुझे बाबा हल्ली दुपारचे येतात, यांच्या खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसतात. त्यांना पत्र दाखवलं. वाचून त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, की वहिनी, पोरीला सांगू नका, जन्मभर स्वतःला जाळत राहील. मला ते पटलं होतं. तुला सांगणारच नव्हते. पण हा निरोप माझा नाही, तुझ्या काकांचा आहे, आणि तो गिळून टाकायचा मला हक्क नाही.

बाळा, काका पत्ते खेळत नव्हते. ते तुला 'चुकलं' म्हणत होते.

सगळे शब्द गेल्यावर त्यांनी परत मागितलेला पहिला शब्द तो. पाण्याच्या आधी, माझ्या नावाच्या आधी. तो तुझ्यासाठी हवा होता. रोज सकाळी घाम फुटेपर्यंत तेवढाच म्हणायचे, आणि जीभ तिच्या सवयीने 'चौकट' करून टाकायची. मी तुला आधी सांगितलं नाही, तुझ्या बाबांनाही सांगू दिलं नाही. त्यांची माफी त्यांच्याच तोंडून तुला मिळावी, एवढीच हौस होती मला. दार मीच ओढून घेतलं गं. मी आत असते तर तुला कळलं असतं. तुम्ही दोघं हसताय असं समजून मी कढईपुढे हात जोडून उभी होते. त्यांचं अर्धं तोंड ओढलेलं असायचं, त्यांचं हसणं कुठलं आणि रडणं कुठलं हे मलाही कळायला वेळ लागायचा. नंतरचे दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडले, आणि मी म्हणत होते की समाधानाने पडलेत. त्यांच्या पायाशी बसून मी त्यांना सांगत होते, बघा, मिटलं ना सगळं. काय वाटलं असेल त्यांना?

तुझ्यावर यातलं काहीही नाही, हे नीट ऐक. ज्या माणसाने सुखात, दुःखात, मरणादारी, मंडपात पत्त्यांशिवाय तोंड उघडलं नाही, तो खरोखर काही म्हणायला गेला तरी ऐकणाऱ्याला पत्तेच ऐकू येणार. मी त्यांच्या शिकवणीला बसले नसते तर मलाही तेच ऐकू आलं असतं. मी त्यांच्यावर आज चिडलेय, आणि चिडायला ते नाहीत, म्हणून तुला लिहिते. इतके शब्द उधळले नसते तर एक शब्द तरी वेळेला पोचला असता.

पण पत्त्यांशिवाय काही बोलले असते तर जपून ठेवलं असतं, असं तू लिहिलंस. बोलले होते. माझ्यापुरतं तरी ते बोलले होते, तुझा हात धरून, पुन्हा पुन्हा.

एक मागणं आहे. त्यांनी चुकलं म्हटलं आणि तू पास म्हणालीस. तुला काय विचारलं जातंय ते तुला ठाऊक नव्हतं, तेव्हा ते उत्तर धरायचं नाही. आता ठाऊक आहे. आता उत्तर दे. माफ केलं असेल तर तसं लिही, नसेल केलं तर तसं लिही. मी यांच्या खोलीत दार लावून, मोठ्याने, एक अक्षर न बदलता वाचून दाखवीन. फक्त साध्या मराठीत लिही.

पोस्टमन दुपारी येतो. मी ओट्यावर असते.

तुझी काकू,
अरुंधती